नऊशे चाळीसवर थांबलेली गाडी

तिसरी एस.टी.ही न थांबता निघून गेली. दारात लोंबकळणाऱ्या माणसांनी आमच्याकडं बघून "चांगभलं!" म्हणून हात तेवढा केला, आणि टपावरून उडालेला गुलाल माझ्या इस्त्रीच्या साडीवर येऊन बसला.

"झालं," मी म्हटलं. "आता मी सावर्डेकरांची सून."

"अभद्र बोलू नको," आई म्हणाली. तिच्या हातात दही-साखरेची वाटी होती. एस.टी. दिसली की ती माझ्या तळहातावर दही घालायची. तीन गाड्या गेल्या, तीन वेळा दही खाऊन झालं होतं.

तात्या, म्हणजे माझे वडील, मनगटावरच्या घड्याळाकडं बघत उभे होते. "नऊ वाजून वीस," ते म्हणाले. जणू मला ठाऊकच नव्हतं!

साल एक्क्याण्णव. हातकणंगल्याच्या अलीकडं सूतगिरणीची कॉलनी होती, तिथं आम्ही राहायचो. कोल्हापूर बावीस किलोमीटर. तिथल्या एका शाळेत दहा वाजता बँकेच्या नोकरीची परीक्षा होती, आणि दहाला दार बंद होणार असं पत्रात ठळक छापलं होतं. मला सव्वीस पुरी व्हायला दीड महिना उरला होता, आणि सव्वीसनंतर त्या परीक्षेला बसता येत नव्हतं. तात्यांनी मला दोन वर्षं अभ्यासाला दिली होती. यंदा नाही जमलं, तर खताचं दुकान असलेल्या मारुतराव सावर्डेकरांच्या घरी द्यायचं ठरलं होतं. मुलगा वाईट नव्हता. पण मारुतराव बघायला आले तेव्हा चहाची बशी खाली ठेवून म्हणाले होते, "आमच्या घरातल्या बायका उंबरा ओलांडत नाहीत." मी आत जाऊन त्यांचा उंबरा किती उंच असेल याचा विचार करत बसले होते.

आणि नेमकी त्याच दिवशी जोतिबाची यात्रा. मुक्कामाला कोल्हापुरात जाते म्हणून मी आदल्या दिवशी सांगितलं होतं, पण तात्या म्हणाले, "आठच्या एस.टी.नं आरामात पोचशील." त्यांचं गणित कधी चुकायचं नाही. फक्त जोतिबाला ते माहीत नव्हतं.

"तात्या, गाडीनं जाऊ या की," मी म्हटलं.

गाडी म्हणजे आमची मोटारसायकल. पाच पावलांवर उभी होती. दस्तगीरचाचांच्या गॅरेजसमोर, चिंचेच्या सावलीत. तिच्यावरनंच आम्ही तिघं स्टॉपपर्यंत आलो होतो. तात्यांनी तिच्याकडं बघितलं आणि तोंडातल्या तोंडात हिशोब केला. "बावीस किलोमीटर. तीसच्या वेगानं चव्वेचाळीस मिनिटं. दहा वाजून चार."

"चारच मिनिटं ना? घेतील की आत!" आई म्हणाली.

तात्यांनी घड्याळाच्या काचेवर बोट आपटलं. ते गिरणीच्या फाटकावर टाइमकीपर होते. सात म्हणजे सात. सात वाजून चार मिनिटांनी आलेल्याची अर्ध्या दिवसाची हजेरी ते स्वतःच्या हातानं कापायचे. सख्ख्या पुतण्याची कापली होती, तेव्हापासून चुलती आमच्याकडं हळदी-कुंकवाला येत नव्हती. चार मिनिटं म्हणजे काय, हे त्या जिल्ह्यात त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसेल.

"मग तीसनं कशाला जायचं?" मी जवळजवळ ओरडलेच. "चाळीसनं चला! पन्नासनं चला!"

"गाडी रनिंगमधी आहे," तात्या म्हणाले.

आता हे रनिंगचं प्रकरण सांगायलाच पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल, या बाईचा बाप ठार वेडा होता की काय.

गाडी घेतली त्याच्या अकरा वर्षं आधी. कोरी, काळी, टाकीवर सोनेरी पट्टी. सोबत कंपनीचं पुस्तक आलं होतं. तात्यांनी ते पोथीसारखं वाचलं. त्यात लिहिलं होतं, पहिले हजार किलोमीटर गाडी रनिंगमध्ये असते, तेव्हा चाळीसच्या वर पळवू नये. तात्या म्हणाले, "चाळीस म्हणतायत ना, आपण तीस धरू." तेव्हा मी पंधरा वर्षांची. रोज संध्याकाळी ते मला मीटर दाखवायचे. आज सहाशे, आज सातशे दहा. डोळे लकाकायचे त्यांचे. म्हणायचे, "शालन, एकदा हजार होऊ दे. मग बघ कशी उडवतो. नरसोबाच्या वाडीला अर्ध्या तासात!" माझा बाप उडवायची भाषा करतोय हे ऐकून मला इतकी गंमत वाटायची.

आणि नऊशे चाळीसवर मीटर बंद पडलं.

मीटरची वायर तुटली, दस्तगीरचाचा म्हणाले. ही वायर चाकाला जोडलेली असते, ती गेली की वेगाचा काटाही मरतो आणि किलोमीटरचे आकडेही पुढं सरकत नाहीत. चाचा म्हणाले, दुसरी मागवतो. पुढच्या महिन्यात म्हणाले, या मॉडेलची येईना झालीय. पुढच्या वर्षी म्हणाले, कंपनीनंच बंद केली. आणि तात्या, टाइमकीपर माणूस, म्हणाले, "नोंद नाही तर किलोमीटर नाही. फाटकावर ज्याचं कार्ड पंच झालं नाही, तो आलाच नाही. तसंच हे."

तेव्हापासून अकरा वर्षं आमची गाडी रनिंगमध्ये होती. तीस किलोमीटर हे तात्या कानानं ओळखायचे. एकतीस झाले तर कपाळाला आठी पडायची. दूधवाला सायकलवरून आम्हाला मागं टाकताना "काय तात्या, बरं हाय नव्हं?" म्हणून चौकशी करून जायचा. कॉलनीच्या गणपतीत सर्वांत हळू मोटारसायकल चालवायची स्पर्धा असायची, त्यात तात्यांनी सलग नऊ वर्षं स्टीलचे तांबे जिंकले. दहाव्या वर्षी मंडळानं त्यांना परीक्षक करून टाकलं, म्हणजे दुसऱ्या कुणाला तरी तांब्या मिळेल.

आणि दर दसऱ्याला तात्या गाडी धुवायचे, हार घालायचे, घरातले झाडून सगळे फोटो काढून पुसायचे, आणि दस्तगीरचाचांना पेढा द्यायला जायचे. मग दोघांचं दरवर्षीचं भांडण व्हायचं.

"तात्या, हिला जरा पिळा ओ," चाचा हवेतच ॲक्सिलरेटरची मूठ पिरगाळत म्हणायचे. "इंजिन म्हंजे चुलीचं धुराडं हाय. कधी तरी जाळ मोठा केला न्हाई तर काजळी धरणारच. रोज पिळा म्हणत न्हाई मी. गरम झाल्यावर, मोकळ्या रस्त्यावर, म्हैन्यातनं एकदा. मोकळी हुती गाडी."

"लोखंड आहे ते. जेवढं पळेल तेवढं झिजेल."

"अवो, झिजून मरंल तवा मरंल, ही गुदमरून मराय लागलीया!"

"तुझ्या मागं महिन्यातनं एकदा कुत्रं सोडलं, तर तुझी तब्येत सुधारेल काय?"

"सुधारंल की!" चाचा पोटावरनं हात फिरवत म्हणायचे. "हे बघा की माझं. सोडाच."

मला नेहमी एका गोष्टीचं नवल वाटायचं. ज्या माणसाला अकरा वर्षांत एक वायर मिळाली नाही, तोच माणूस गाडी पळवा म्हणून तात्यांच्या इतका मागं का लागतो? पण पोरीबाळींनी गॅरेजमधल्या गोष्टी विचारायच्या नसतात असा तो काळ.

तर, नऊ वाजून बावीस. तात्यांच्या हातात किल्ली. माझ्या डोळ्यांत पाणी.

"तात्या, माझ्या जन्माचा प्रश्न आहे," मी म्हटलं.

"साठ बाकी आहेत," तात्या हळूच म्हणाले. "हजाराला साठ."

हे बोलताना ते माझ्याकडं बघत नव्हते की मीटरकडं. आईकडं बघत होते. मला इतका संताप आला! इथं लेकीचं वाटोळं होतंय आणि हा माणूस बायकोचं तोंड बघत उभा आहे.

दस्तगीरचाचा हात पुसत गॅरेजमधनं बाहेर आले. तेही आईकडंच बघायला लागले. "वहिनी," ते म्हणाले, "आता बास करा. मला पिराची आण घातलीसा म्हणून अकरा वर्सं गप हाय मी. पोरीचं नुकसान हुतंया. तुमी सांगतासा का मी आण मोडू?"

आईनं हातातली वाटी गाडीच्या सीटवर टेकवली, ती कलंडली. दही सांडलं.

"काय सांगायचं?" मी विचारलं.

"वायर तुटली नव्हती," आई म्हणाली. "मी काढायला लावली."

चिंचेवरचा कावळा तेवढा ओरडला. यात्रेकरूंचा एक जथा रस्त्यावरून चालला होता, तोही जणू जरा थांबला.

"बाजी जाऊन आठ महिने झाले होते," आई म्हणाली. बाजी म्हणजे माझा मामा, आईचा धाकटा भाऊ. मित्राची मोटारसायकल घेऊन 'आत्ता येतो' म्हणून गेला होता, आणि अपघातात संपला. "आणि हे रोज येऊन सांगायचे, हजार होऊ दे मग उडवतो. सातशे झाले, आठशे झाले. माझा डोळ्याला डोळा लागेना. नऊशे झाले तशी मी दस्तगीर भावजींकडं गेले. म्हटलं, आकडा कशानं पुढं जातो? ते म्हणाले, ह्या वायरीनं. म्हटलं, काढा. आणि पुन्हा बसवाल तर तुम्हाला पिराची आण आहे."

आई रडत होती, आणि रडता रडता पदरानं गाडीच्या सीटवर सांडलेलं दही पुसत होती. तात्या किल्ली मुठीत घट्ट धरून उभे होते. मग आईनं नाक पुसलं, मान वर केली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "हजार झाले. मी सांगते, हजार झाले. जावा आता, उडवा!"

पुढचं सगळं दोन मिनिटांत झालं. चाचांनी प्लग काढून घासला. मी एका बाजूला पाय टाकून बसायला गेले, तर म्हणाले, "तसं न्हाई. दोन्हीकडं पाय टाक. आज बसायचं न्हाई, धरायचं हाय." मी साडी खोचली आणि गड्यासारखी बसले. स्टॉपवरच्या दोन बायकांनी तोंडाला पदर लावला.

"तात्या, ऐका," चाचा त्यांच्या कानाशी म्हणाले. "ती खोकंल. धूर टाकंल. फटाफटा आवाज काढंल. सोडायचं न्हाई. अकरा वर्सांचं तुंबल्यालं हाय, भायेर पडाय येळ लागंल. पिळून धरा."

तात्यांनी किक मारली आणि पिळली.

गाडी पुढं जाण्याऐवजी आधी धूरच गेला. असला काळा धूर की मागं वळून बघितलं तर आई, चाचा, चिंच, सगळं गायब. मग एक गचका बसला, माझी मान मागं गेली, आणि गाडी ठसकत, खोकत, लाथा झाडत निघाली. तीस. कान सांगत होते. मग पस्तीस. दूधवाला सायकलवर समोर होता. आम्ही त्याच्या शेजारनं निघालो तेव्हा त्याचा चेहरा असा झाला, जणू गल्लीतला दगडी मारुती उठून चालायला लागलाय.

"बरं हाय नव्हं?" मी ओरडून विचारलं. अकरा वर्षांची फेड.

माळावरचा चढ लागला आणि गाडी मरायला आली. गुरगुरली, थरथरली, वेग पडत चालला. "सोडू नका!" मी तात्यांच्या पाठीवर बुक्की मारली. जन्मात पहिल्यांदा बापाला बुक्की मारली! तात्यांनी दात खाल्ले आणि मूठ होती तिथून आणखी पिळली.

चढाच्या टोकाला उसाच्या रसाचं गुऱ्हाळ होतं. तिथं पांढरं धोतर, पांढरा सदरा, पांढरी टोपी अशा यात्रेच्या पोशाखात रसाचा पेला तोंडाला लावून कोण उभं असावं? मारुतराव सावर्डेकर. मी मान खाली घालणार, तेवढ्यात आमच्या सायलेन्सरमधनं तोफेसारखा बार झाला. अकरा वर्षांची काजळी एकदम बाहेर पडली. मागं वळून बघितलं. पेल्याआडचं तोंड तेवढं पांढरं राहिलं होतं. बाकी मारुतराव नाही.

आणि त्या बारानंतर गाडी गायला लागली. खरंच सांगते. खोकला गेला, थरथर गेली, आवाज एकदम गोल, भरीव झाला, आणि चढ संपून उतार लागल्यासारखी ती सुटली, खरं तर समोर सपाट रस्ता होता. साडीचा पदर माझ्या तोंडावर, परीक्षेचं पॅड काखेत, डोळ्यांत वारा. जोतिबाच्या उंच सासनकाठ्या घेऊन चाललेले लोक बाजूला होत होते, आमच्यावर गुलाल उधळत होते. ती तिसरी एस.टी. पुढं दिसली. तात्यांनी हॉर्न दाबला, आणि टपावरची माणसं बघत असताना तिच्या शेजारनं गाडी काढली.

तेव्हा मला एक विचित्र आवाज ऐकू आला. आधी वाटलं, इंजिनात पुन्हा काहीतरी झालं. मग कळलं, तात्या हसत होते. माझा बाप, ज्यानं पुतण्याची हजेरी कापली, तो डोकं मागं टाकून लहान पोरासारखा हसत होता आणि ओरडत होता, "जोतिबाच्या नावानं चांगभलं!"

नऊ वाजून सत्तावन्न मिनिटांनी आम्ही शाळेच्या फाटकात. शिपायानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. अर्धी गुलाबी, अर्धी काळी. "बाई, यात्रा तिकडं, डोंगरावर," तो म्हणाला. मी पत्र दाखवलं. तात्यांनी घड्याळ पुढं केलं. "तीन मिनिटं आधी," ते म्हणाले, आणि मग गाडीच्या टाकीवर डोकं टेकून जोरजोरात धापा टाकायला लागले, जणू तेच पळत आले होते.

संध्याकाळी सावर्डेकरांचा निरोप आला. मुलगी पाय टाकून बसते आणि धूर सोडते, आम्हाला जमणार नाही. आईनं निरोप्याला चहाबरोबर लाडू दिला. दुसऱ्या दिवशी दस्तगीरचाचांनी प्लग काढून कॉलनीतल्या ज्याला त्याला दाखवला. कोळशासारखा काळा असायचा, तो भाजक्या बिस्किटाच्या रंगाचा झाला होता. "बगा! धुराडं साफ!" ते जन्मभर सांगत राहिले. मला नोकरी लागली. बत्तीस वर्षं त्याच बँकेत काढून मागं निवृत्त झाले.

आईनं इतकी वर्षं लपवून ठेवलेली वायर काढून दिली, पण तात्यांनी ती बसवली नाही. म्हणाले, "हजार तुझ्या तोंडानं झाले, ते पुरे." महिन्याच्या पहिल्या रविवारी ते आईला मागं बसवून मोकळ्या रस्त्यावर न्यायचे आणि एकदा पिळायचे. आई डोळे घट्ट मिटून जोतिबाचं नाव घ्यायची. बाकी महिनाभर तीस.

गेल्या दिवाळीत मी माहेरी गेले होते. तात्या आता शहाऐंशीचे, आई एक्क्याऐंशीची. जुन्या गाड्यांचा शौक असलेले पुण्याचे एक डॉक्टर गाडी बघायला आले होते. मीटरवर वाकले आणि त्यांचे डोळेच विस्फारले. "आजोबा, फक्त नऊशे चाळीस किलोमीटर?"

"नोंदीप्रमाणं, हो," तात्या म्हणाले. गाडी काही दिली नाही.

डॉक्टर गेल्यावर आम्ही दोघं ओट्यावर बसलो. गाडी समोर, हार वाळलेला. मी सहज म्हटलं, "तात्या, अकरा वर्षं तुम्हाला संशय कसा आला नाही हो? एवढे हिशोबी तुम्ही."

तात्यांनी दाराकडं बघून आवाज खाली घेतला. "पहिल्याच दसऱ्याला मिळाली होती ती वायर. बाजीच्या फोटोमागं, गुंडाळी करून ठेवलेली. फोटो कोण पुसायचं? मीच की."

मी त्यांच्याजवळ सरकले. "आणि?"

"आणि काय? पुसली, परत ठेवली. दरवर्षी पुसायचो. गंज धरला असता."

"बोलला का नाहीत?"

"मीटर बंद पडलं, त्या रात्रीपासनं तुझी आई झोपायला लागली," तात्या म्हणाले. "बाजी गेल्यापासनं पहिल्यांदा. मग मला कुठं घाई होती वाडीला जायची?"

मला तो स्टॉप आठवला, मुठीतली किल्ली आठवली, ते 'साठ बाकी आहेत' आठवलं. मी समजत होते की ते मीटरसाठी थांबलेत. ते आईसाठी थांबले होते.

"पण तात्या," मी डोळे पुसत विचारलं, "त्या दिवशी आई बोललीच नसती, तर? माझी परीक्षा बुडू दिली असती?"

"छ्या!" तात्या म्हणाले. "गॅरेजपुढच्या वळणापर्यंत तीसनं गेलो असतो. वळणाच्या पलीकडचं तिला कुठं दिसणार होतं?"

आतून भांड्याचा आवाज झाला, आणि पाठोपाठ आईचा.

"ऐकू येतंय मला."